मावळ्याच्या कपाळावरचा शेंदूर

प्लास्टिकच्या बाहुल्याची भीती वाटते असं सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे. मला आजही कुणाच्या घरी रंगवलेलं खेळणं वाळत ठेवलेलं दिसलं, की माझी नजर आधी जमिनीकडे जाते. घरात रांगणारं मूल आहे का, ते मी बघून घेते. मग चहाला हात लावते.

माझं माहेर पेणचं. रामवाडीच्या बाजूला बाबांचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबडी शेड, आत रांगेने फळ्या आणि फळ्यांवर वाळत ठेवलेल्या मूर्ती. खालची फळी जमिनीपासून वीतभरच उंच. आमच्याकडे मुलांना चालता यायच्या आधी एक गोष्ट कळते, ती म्हणजे फळीवरच्या देवाला हात लावायचा नाही. त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही, ओरडावंही लागत नाही. आम्ही भावंडं त्या फळ्यांमधून रांगलो, पण एका सोंडेचा टवकाही कधी उडवला नाही.

दुसरी गोष्ट कारखान्यातल्या बायकांनी शिकवली. शेंदूर जिभेला लावायचा नाही, वाचा जाते. कुठल्याशा गावात एका गाणाऱ्या बाईला जळकुट्यांनी विड्यातून शेंदूर घातला आणि ती पुन्हा कधी बोलली नाही, अशी एक हकिगत त्या सांगायच्या. गाव कुठलं, बाई कोण, हे विचारलं की हातातल्या पॉलिश पेपरने दटावायच्या. मी मात्र शेंदराच्या डब्याजवळ बसले की तोंड गच्च मिटून घ्यायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची.

माझा हात लहानपणापासून स्थिर. तेरा-चौदाची असताना बाबांनी माझ्या हातात आखणीचा ब्रश दिला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळी मूर्ती दहा हातांखालून गेली तरी चालते, पण डोळे एकाच हाताचे लागतात आणि ते एकदाच काढायचे असतात. खोडरबर नाही, दुरुस्ती नाही. मी सांगते म्हणून नव्हे, पण माझ्या हातचे डोळे बघून गिऱ्हाईक मूर्ती खाली ठेवत नसे. या गोष्टीचा मला गर्व होता. तो पुढे चांगलाच जिरला, म्हणून आता उघडपणे सांगते.

लग्न होऊन मी अष्टमी गावात आले. पूल ओलांडला की रोहा. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. दोघे भाऊ केमिकलच्या कंपनीत, शिफ्टप्रमाणे घरी. मला सहा वर्षं मूल झालं नव्हतं. धाकटीला दुसऱ्याच वर्षी मुलगी झाली. सासूबाई मला उघड काही बोलायच्या नाहीत, पण शेजारच्या बायका आल्या की बाळ माझ्या मांडीवरून अलगद उचललं जाई. तेल लावायचंय, झोपवायचंय, काहीही कारण. मी न बघितल्यासारखं करायची. धाकटी मात्र तसली नव्हती. ती अंघोळीला जाताना पोरगी माझ्याच पुढ्यात आणून टाकायची आणि म्हणायची, "घ्या ताई, तुमची मैतरीण."

त्या मैत्रिणीला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सुळे येत होते. हाताला लागेल ते तोंडात जायचं, चपलेचा अंगठासुद्धा.

आमच्या माडीवर एक भाडेकरू होता. पुण्याकडचा, कंपनीत इंजिनीअर, एकटा. त्याला अ‍ॅक्शन फिगर जमवायचा नाद. वीतभर उंचीचे ते प्लास्टिकचे पिळदार पैलवान, हात-पाय सांध्यात वळणारे. त्याच्या खोलीत काचेच्या कपाटात असे वीस-पंचवीस उभे होते. मी एकदा त्यांना बाहुले म्हटलं तर त्याचा चेहराच उतरला. मग मी मुद्दाम रोज विचारायला लागले, "काय, बाहुले जेवले का?"

मी पेणची आणि डोळे काढणारी, हे त्याला सासूबाईंकडून कळलं. एक दिवस तो तीन पैलवान घेऊन खाली आला. त्याला त्यांचे मावळे करून हवे होते. पागोटं, मिशा, शेला, कपाळाला टिळा. कापड काही नाही, सगळं मी रंगानेच अंगावर काढायचं. सोबत त्याने पेटीभर सामान आणलं होतं. काळे परमनंट मार्कर, अ‍ॅक्रेलिकचे मार्कर, अ‍ॅक्रेलिकच्या बाटल्या आणि वरून मारायच्या पारदर्शक लॅकरचा स्प्रे. मग त्याने मला शिकवायला सुरुवात केली. आधी साबणाने धुवा, साच्यातलं तेल राहिलेलं असतं. मग अस्तर द्या. रंग पातळ, थरावर थर. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. लॅकर लांबून, दोन-तीन वेळा, हलक्या हाताने.

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बाळा, तू पाटी गिरवत होतास तेव्हापासून मी रंगाला आहे.

पहिल्या मावळ्याला मी परमनंट मार्करने डोळे काढले. काय डोळे! नुसतं बघत राहावं. नाव परमनंट, मग कशाला थांबायचं, म्हणून लगेच वर लॅकर मारलं, आणि तेही जवळून, चांगलं ओलं होईपर्यंत. आमच्याकडे वॉर्निश असंच सढळ हाताने लावतात. बघता बघता डोळ्यांतलं काळं सुटलं आणि गालावरून मिशांपर्यंत ओघळलं. लॅकरमध्ये जे काही औषध असतं ते मार्करची शाई विरघळवतं, हे मला तेव्हा कळलं. भाडेकरू म्हणाला, "हा तर लढाईआधीच रडायला लागला." मी हसले, पण मला ते झोंबलं. आयुष्यात माझ्या हातचे डोळे पहिल्यांदा पुसावे लागले होते.

दुसऱ्याला मी त्याचं ऐकलं. अ‍ॅक्रेलिकच्या बारीक मार्करने डोळे काढले, एक दिवस वाळू दिले, मग लांबून लॅकरची नुसती वाफ दिली. आणखी एकदा, अर्ध्या तासाने. डोळे जागचे हलले नाहीत. तिथे थांबायला हवं होतं. पण टिळ्याचा आणि शेल्याचा लाल मला पटेना. त्या मार्करचा लाल टोमॅटोच्या सॉससारखा दिसायचा. मावळ्याच्या कपाळाला असला टिळा? छे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझ्या पेटीत तळाला पत्र्याचा एक छोटा डबा होता. लग्नात बाबांनी दिलेला शेंदूर, त्यांच्या साठ्यातला. तो कशासाठी दिला होता हे मलाही नीट माहीत नव्हतं. मला वाटतं, माहेरचा रंग जवळ असावा एवढंच. मी तो डिंकाच्या पाण्यात कालवला, जसा आम्ही मूर्तीसाठी कालवायचो, आणि तिसऱ्या मावळ्याला लावला. टिळा, शेला, पागोट्याची किनार. प्लास्टिक धुतलं नव्हतं, अस्तरही दिलं नव्हतं. प्लास्टर रंग पितं, प्लास्टिक पीत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. रंग धरेना म्हणून मी जाड लावला. वरून लॅकरचा जाड थर दिला. आषाढातली दमट हवा, लॅकर वाळायचं नाव घेईना, चिकटच राहिलं. पण रंग काय दिसत होता! मी मावळा उचलून मागच्या पडवीत, उन्हाची तिरीप येत होती तिथे, पाटावर उभा केला.

पाट जमिनीवर होता. माझ्या डोक्यात फळी होती. वाळत ठेवलेल्याला कुणी हात लावत नाही, एवढंच मला माहीत होतं.

दुपारची जेवणं झाली होती. दोघे भाऊ पहिल्या शिफ्टला गेलेले, भाडेकरूही कंपनीत. सासूबाई ओटीवर कलंडल्या होत्या. धाकटी आत कपड्यांच्या घड्या घालत होती, मी भांडी घासत होते. पडवीतून मैत्रिणीचं स्वतःशीच बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. मूल गप्प झालं की उठून बघावं, हे शहाणपण मला नव्हतं. मी दोन पातेली आणखी घासली.

धाकटीची किंकाळी ऐकून मी धावले. पोरगी पाटाजवळ बसली होती. मावळ्याचं डोकं तिच्या तोंडात. ओठ, हनुवटी, झबलं, सगळं लाल-केशरी. धाकटीला वाटलं रक्त आहे. ती पोरीच्या तोंडात बोट घालून जखम शोधत होती. मला मात्र बघताक्षणी कळलं. मावळ्याच्या कपाळावर टिळा नव्हता, शेल्याचा निम्मा रंग गेला होता, आणि गेलेला रंग जमिनीवर कुठेही सांडलेला नव्हता.

"रक्त नाय गो, रंग हाय," सासूबाई पाठीमागून आल्या आणि पदराने पोरीचं तोंड पुसू लागल्या. "कसला रंग लावलास गो?"

मी म्हटलं, "मार्करचा."

ते खोटं मी ठरवून बोलले नाही. ते तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही, हेही खरं. सासूबाई बघत होत्या, धाकटी बघत होती, आणि मला एकदम दिसलं की आता काय बोललं जाईल. हिला स्वतःला नाय, म्हणून दुसरीचं बघवलं नाय. कुणी तसं म्हणालं नव्हतं. माझ्या मनानेच ते ऐकलं, आणि मी घाबरले. पोरीसाठी घाबरले आणि माझ्यासाठीही घाबरले, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं दुसरं भय आधी बोललं.

पोरीचं तोंड खळाळून धुतलं, रिक्षा बोलावली आणि पूल ओलांडून रोह्याला मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. धाकटीच्या मांडीवर पोरगी रडत होती. रडू दे, मी मनात म्हणत होते, रडतेय तोवर आवाज आहे. त्या गाणाऱ्या बाईची हकिगत माझ्या डोक्यात घुमत होती.

डॉक्टरांनी पोरीचा घसा बघितला, पोट दाबून बघितलं, छाती ऐकली. मग विचारलं, "रंग कुठला होता?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. इतका विश्वास होता त्या बघण्यात.

"मार्कर," मी म्हणाले. "खेळण्याला लावतात तो. वरून लॅकर."

"वाळलेलं होतं?"

"व्हय. म्हणजे थोडं ओलं."

डॉक्टर म्हणाले, मार्करची एवढीशी शाई पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही. लॅकरमुळे खोकला, धाप किंवा उलटी झाली तर लगेच परत या. दूध पाजा, लक्ष ठेवा. धाकटीने डोळे पुसले आणि हसली. "ताई, मी उगाच ओरडले," ती मला म्हणाली. वर माझीच पाठ थोपटली. मी तिथे उभी होते, तोंड उघडायला फक्त एक श्वास लागला असता, आणि मी तो घेतला नाही.

परत रिक्षात बसलो. आता घाबरलेली मी एकटीच होते, आणि ते फार वाईट असतं. सगळे घाबरलेले असले की भीती वाटून घेता येते. धाकटी रिक्षावाल्याला झाला प्रकार हसत हसत सांगत होती. तो म्हणाला, "पोरांचं असंच असतं, वयनी. आमच्याने तर साबण खाल्लान." दोघंही हसली. मी पोरीच्या तोंडाकडेच बघत बसले होते.

रिक्षा पुलावर आली आणि पोरगी गप्प झाली.

नुसती गप्प. डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं, दातांच्या फटीत अजून केशरी रेघ. मी तिला हाक मारली. ती बोलली नाही. मी तिचा हात हलवला, पाय हलवला, गाल दाबला. धाकटी म्हणाली, "रडून रडून दमली ती. झोपू द्या ना, ताई." पण मला ते झोपणं दिसेना. मला वाचा गेलेलं मूल दिसत होतं.

"रिक्षा थांबव," मी ओरडले. "मागे घे. दवाखान्यात घे."

"काय झालं?"

"शेंदूर होता गो तो. मार्कर नव्हता. बाबांनी दिलेला शेंदूर होता."

रिक्षावाल्याने ब्रेक मारला. मागून एक टेम्पो हॉर्न देत होता. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिला शेंदराचं काही माहीत नव्हतं. पण मी डॉक्टरांना काय सांगितलं होतं, ते माहीत होतं. पोरगी तिच्या डाव्या हातावर होती, माझ्या बाजूला. ती तिने उचलली आणि उजव्या हातावर घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शेंदूर शब्द ऐकला आणि खुर्चीतून उठले. "बाई, त्यात शिसं असतं. हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मग ते म्हणाले, हल्ली बाजारात शेंदूर म्हणून नुसती रंगवलेली भुकटीसुद्धा विकतात, तसला असेल तर बरं. आधी कुठला आहे ते विचारा.

मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन पेणला फोन लावला. कारखान्यात ऐन कामाचे दिवस. मागून कालवा ऐकू येत होता. बाबांना वाटलं मी ख्यालीखुशाली विचारायला केलाय.

"बाबा, मला लग्नात दिलात तो शेंदूर कसला होता?"

"कसला म्हंजे? असली. एक नंबर."

"भेसळ असेल ना काहीतरी त्यात? थोडीतरी?"

"काय बोलतेस गो?" बाबांचा आवाज चढला. "मी माझ्या लेकीला भेसळ देईन? पाण्यात टाकून बघितलेला हाय तो. दगडासारखा तळाला बसतो. असला आता शोधून मिळायचा नाय."

"त्यात शिसं असतं का, बाबा?"

"शिसंच असतं. शिसं भाजूनच तर होतो. का गो? काय झालं?"

आमच्या घराण्याने चार पिढ्या एकाच गोष्टीची फुशारकी मारली होती, की आमच्याकडे रंगात खोट नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, एवढा एक डबा खोटा निघू दे. बाबा फोनवर विचारत राहिले, काय झालं, काय झालं. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "त्याला तोंड लावायचं नसतं हे तुला ठाव होतं ना गो?"

"व्हय, बाबा."

"मग खेळण्याला कसा लावलास?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं. मी जन्मभर जे रंगवलं त्याला लोकांनी लांबून हात जोडले होते. फुलं वाहिली, आरती ओवाळली आणि दीड नाहीतर दहा दिवसांनी पाण्यात सोडलं. कुणी ते चाटलं नव्हतं. रंग दहा दिवस टिकला की आमचं काम झालं, तो कुणाच्या पोटात जाईल हा विचार आमच्या धंद्यात कुणाला शिवलाच नव्हता. खेळणं देवासारखं नसतं. ते लांबून बघायचं नसतं, तोंडात घालायचं असतं. हे दीड वर्षाच्या पोरीला कळत होतं आणि मला नव्हतं.

पोरीला भरती करून घेतलं. पोटाचा फोटो काढला, पोट साफ व्हायचं औषध दिलं. रक्त काढताना ती अशी काही किंचाळली की नर्स दचकली. तो आवाज ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. वाचा गेली नव्हती. पण डॉक्टर म्हणाले, शिशाचा धोका आवाजाला नाही. तो रक्तात उतरतो, मुलाच्या वाढीवर, डोक्यावर जातो, आणि तो वरून दिसत नाही. रक्त मुंबईला पाठवायचं, रिपोर्ट यायला चार दिवस. मला वाटलं होतं की भीतीला तळ असेल. नव्हता.

ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सासूबाईंनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एकदा म्हणाल्या, "बोलायचंस तरी," आणि मग बोलायच्याच बंद झाल्या. दीर माझ्यासमोर आले की भिंतीकडे बघत. नवरा शिफ्टवरून येऊन गप्प जेवायचा. भाडेकरू खाली आला, मान खाली घालून म्हणाला, माझ्यामुळे झालं. मी त्याला म्हटलं, तू तर धुवा, अस्तर द्या म्हणून सांगत होतास, तुझं कुणी ऐकलं? त्याने तिन्ही मावळे नेले. मी शेंदराचा डबा चिंधीत बांधून बाबांच्या माणसाबरोबर पेणला परत पाठवला. पाण्यात टाकावा असं वाटलं होतं, पण मग तो कुणाच्या तोंडात गेला असता?

दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जायची. धाकटी डबा घ्यायची. पोरगी माझ्याकडे यायला हात पसरायची आणि धाकटी तिला दुसऱ्या कुशीवर वळवायची. मी बाहेर बाकावर बसून राहायची. पोरगी पाणी म्हणाली का, नीट म्हणाली का, काल म्हणत होती ते सगळे शब्द आजही म्हणते का, हे दाराआडून मोजत बसायची. तिला येत होते मोजून अकरा शब्द. त्यातला एकही हरवला की माझा जीव जायचा, आणि तो पुन्हा सापडेपर्यंत मी जागची हलत नसे.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. शिसं होतं, असायला हवं त्याहून जास्त होतं, पण रक्तातून ते काढायचं औषध द्यावं लागेल इतकं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर परत आलात हे बरं केलंत, पोट वेळेवर साफ करता आलं. दूध, नाचणी, पालेभाजी भरपूर द्या, महिन्याने पुन्हा तपासू. महिन्याने ते उतरलं होतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, आता येऊ नका.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी धाकटीची माफी मागितली. आधीही मागितली होती, पण तेव्हा ती ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. या वेळी तिने पोरीला खाली उतरवलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "रंगाचं मी कधीच सोडून दिलं, ताई. चूक कुणाकडूनही व्हते. पण डॉक्टर विचारत होते तेव्हा तुम्ही माझ्या डोळ्यात बघून मार्कर म्हणालात. मी तुमच्याकडे बघितलं, आणि मला खरं वाटलं. ते काय माझ्याच्याने सुटत नाय."

मी फाइल पिशवीत घातली आणि दोघींच्या मागून चालू लागले.

पुढे मलाही मुलगा झाला. आम्ही अजून एकाच घरात राहतो. चुली वेगळ्या झाल्या नाहीत, भांडण झालं नाही, दिवाळीला दोघी मिळून चकल्या करतो. माझं पोर आजारी पडलं तेव्हा धाकटी रात्रंदिवस उशाशी बसली. तिच्यासारखी बाई मिळायची नाही. तिची लेक आता कॉलेजात जाते, आणि तिच्या बोलण्याने घरात कुणाला दुसरं काही ऐकू येत नाही. परवा ती बाहेरून आली, तिला जरा कणकण वाटत होती. धाकटी कामात होती, म्हणून मी कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, बघितला आणि स्वयंपाकघरात हाक मारून सांगितलं, "काय नाय गो, ताप नाय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"खरं सांगता ना, ताई?"

"खरं सांगते," मी म्हटलं. धाकटी हात पुसत बाहेर आली आणि थर्मामीटर माझ्या हातातून घेऊन उजेडात धरून बघितला.